काय खाल्लंस?

मास्तरांच्या दुकानात उपाशीपोटी कुणाला सुई लागत नसे. पैलवान येवो की समोरच्या दुकानातला न्हावी, खुर्चीत टेकल्या टेकल्या पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काय खाल्लंस?" माणूस वयाने मोठा असेल तर "काय खाल्लंत?", एवढाच काय तो फरक. उत्तर मनाजोगं मिळालं नाही की मास्तर मशीनला हात लावत नसत. मागच्या पडद्याकडे तोंड करून "ताई, एक ताट" अशी हाक द्यायचे, आणि दंडावर वाघ काढून घ्यायला मोठ्या ऐटीत आलेलं गिऱ्हाईक आधी मुकाट्याने उकडलेली अंडी सोलत बसायचं.

टॅटू काढणं हे मास्तरांच्या लेखी अर्धंच काम होतं. "मी फक्त जखम करतो. ती भरायची तुझ्या पोटाने," हे त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की जुनी गिऱ्हाइकं ते वाक्य त्यांच्या आधीच पुरं करत. मग पाठ केल्यासारखं सुरू व्हायचं. अंडी खा, मासे खा, ते चालत नसेल तर मोड आलेली कडधान्यं खा. दूध पी, पालेभाजी खा, संत्र्याला नाक मुरडू नकोस. पाणी इतकं पी की घरच्यांनी वैतागावं. खपल्या गळून पडेपर्यंत दारूचं नाव काढायचं नाही. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि उंबऱ्याबाहेर पाय पडताच निम्मं विसरायचं. म्हणून मास्तर त्याला चार-आठ दिवसांनी हात दाखवायला बोलवायचे, पुन्हा बोलवायचे, आणि दर वेळी तोच प्रश्न विचारायचे.

त्यांच्यापुढे थाप चालत नसे. खपली बघून मास्तर समोरच्याचं ताट ओळखतात अशी त्यांची ख्याती होती. निदान ते स्वतः तरी तसं सांगत. लग्नात बारीक दिसायचं म्हणून एक मुलगी काकडी-टोमॅटोवर दिवस काढत होती. तिच्या खांद्यावरचं फुलपाखरू बघून मास्तर म्हणाले, हे उडायच्या आधीच दमलंय, आत जा आणि जेवून ये. एक कॉलेजकुमार चहा-बिस्किटांवर जगत होता. ते त्याच्या आईला ठाऊक नव्हतं, मास्तरांना त्याच्या मनगटावरच्या जहाजावरून कळलं. सगळे आधी एकच शब्द बोलायचे, "पोटभर." मग मास्तर खपलीच्या कडेला अंगठ्याने हलकेच दाबायचे, कातडी लगेच वर येते की तशीच बसते ते बघायचे, आणि गिऱ्हाइकाकडे नुसते बघत राहायचे. बहुतेक जण तेवढ्यानेच कबूल करायचे. खरोखर खाल्लेलं असलं तर मात्र मास्तर त्याच्या दुसऱ्या खांद्यावर थाप मारून "शाब्बास" म्हणायचे. ही शाब्बासकी मिळवण्यासाठी मोठे मोठे बाप्ये महिनाभर दूध प्यायचे.

ताटं यायची पडद्यामागून. तिथे स्वयंपाकघर होतं, आणि स्वयंपाकघरात ताई होती.

ताई मास्तरांची सख्खी मोठी बहीण. आई लवकर गेली तेव्हा मास्तरांना भरवायचं काम तिच्याकडे आलं आणि मग ते कधी सुटलंच नाही. मधे तिचं लग्न झालं, पण नवरा अल्पायुषी निघाला, आणि एक ट्रंक घेऊन ती भावाच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायला आली. दुकान तेव्हा नवं होतं. मास्तरांचा हात चांगला होता, पण अनुभव बेताचा. एके दिवशी गोदीतला एक धिप्पाड हमाल छातीवर गरुड काढून घेता घेता खुर्चीतच पांढराफटक पडला आणि खाली कोसळला. मास्तर हातात सुई घेऊन त्याच्याहून पांढरे होऊन उभे. पिठाने माखलेल्या हातांनी ताई बाहेर आली, त्याचे पाय उंचावले, तोंडावर पाणी मारलं, शुद्धीवर आल्यावर साखर घातलेलं कोमट दूध दिलं, मग अंडी, मग पाव. तो माणसात आल्यावर ती भावाकडे वळली आणि हमालाच्या देखत तिने त्यांची खरडपट्टी काढली.

"धाकट्या, माणसाला टोचायच्या आधी विचारता येत नाही का, काय खाल्लंस म्हणून?"

म्हणजे ज्या प्रश्नावर मास्तरांचं नाव झालं तो प्रश्न मुळात ताईचा होता. हे त्यांनी कुणापासून लपवलं नाही, पण वर्षं गेली तशी ते स्वतःच विसरले. "धाकट्या" हे तिचं हाक मारणं मात्र केस पिकले तरी सुटलं नाही. दोन्ही हातांवर कवट्या मिरवणारी गिऱ्हाइकं ते ऐकून खुदकन हसायची आणि मास्तर तेवढ्यापुरते लाजायचे.

ताई सगळ्यांना वाढायची आणि नंतर जेवायची. "मी खाते मागून," हे तिचं ठरलेलं उत्तर. मागून म्हणजे केव्हा, हे मास्तरांनी कधी पाहिलं नव्हतं. दुपारी त्यांचं ताट उचललं जायचं, ते दुकानात जायचे, पडदा पडायचा, आणि पडद्यापलीकडे भांड्यांचा आवाज येत राहायचा. तो आवाज म्हणजे ताईचं जेवण, असंच ते धरून चालले होते. वर गिऱ्हाइकांना गमतीने सांगायचे, "ताईचं काय, चव बघता बघताच तिचं पोट भरतं." लोक हसायचे. ताईसुद्धा आतून हसायची. ही गंमत आपण किती वर्षं केली, हे आता मास्तरांना आठवलं की त्यांना स्वतःचीच जीभ हासडावीशी वाटते.

टॅटूच्या वाटेला ताई कधी गेली नव्हती. मास्तर मागे लागायचे, छोटंसं फूल काढू का, नाव काढू का, आणि ती झटकून टाकायची. भांडी घासताना नजर तिथेच जाईल आणि ताटं फुटतील, म्हणायची. एकदा दुपारी दुकान रिकामं होतं. ताई एप्रनला हात पुसत बाहेर आली आणि सरळ गिऱ्हाइकांच्या खुर्चीत जाऊन बसली.

"मला काढ एक."

मास्तरांना आधी ती थट्टाच वाटली. काय काढू, विचारलं तर म्हणाली, काहीही. कुठे काढू, तर तिने डावा हात पुढे केला. मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. सगळी दुपार त्यांनी कागदावर कागद खराब केले. वाढायचा डाव काढला, तो तिनेच हाणून पाडला. जन्मभर हातात आहेच, आणखी हातावर कशाला, म्हणाली. शेवटी त्यांनी मटारची एक वेल काढली. पायरीवर बसून मटार सोलणारी ताई त्यांच्या लहानपणापासून डोळ्यांपुढे होती. बारीक वळणं घेत गेलेला तंतू, एक पांढरं फूल आणि किंचित उघडलेली शेंग, आत पाच दाणे. ताईने कागदाकडे जेमतेम पाहिलं आणि छान आहे म्हणाली. मास्तर थोडे हिरमुसले. एवढं जीव ओतून काढलं आणि बाईसाहेबांचं लक्षच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई खुर्चीत बसली. मास्तरांनी हात स्वच्छ केला, छाप उठवली, मशीनमध्ये नवी सुई बसवली. कातडी सैल लागली, पण वय झालं, असं म्हणून त्यांनी ती दोन बोटांनी ताणून धरली. ताई सुईकडे बघत नव्हती. त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"सुरू करू?"

"तुझं सगळं विचारून झालं?"

"तुला काय विचारायचंय? दुखेल थोडं, एवढंच सांगतो."

मास्तरांनी मशीन सुरू केलं. जे प्रत्येकाला विचारत होते ते त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, कारण विचारायचं त्यांच्या मनातच आलं नाही. स्वयंपाकघरातून उठून आलेल्या बाईला जेवलीस का म्हणून कोण विचारतं? काम सुरेख उतरलं. फिकट हिरवा आणि गडद हिरवा असे दोन रंग त्यांनी प्रत्येक दाण्यात असे मिसळले की दाणे हाताला लागतील असं वाटावं. ताई शेवटपर्यंत हू की चू न करता बसून राहिली.

मग हात दाखवायचे दिवस सुरू झाले. सकाळी दुकान उघडलं की बाकावर दोन-चार जण बसलेले असायचे, आणि त्यांच्या शेवटी ताई. मास्तरांना हसू आवरेना. घरच्या घरी रांग कशाला लावतेस, त्यांनी विचारलं, आत येऊन बघितला असता की हात. "मी पण गिऱ्हाईकच," ती म्हणाली आणि नंबर येईपर्यंत बसून राहिली. तिच्या आधीच्या पोराला मास्तरांनी विचारलं काय खाल्लंस, त्याच्या आधीच्या बाईला विचारलं काय खाल्लंत. ताईचा नंबर आला तेव्हा विचारलं, पाण्यात हात घातला होतास का? साबण कुठला लावलास? वाफ लागली का? ताईने एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. उत्तरं संपल्यावरही ती जरा वेळ खुर्चीतून उठली नाही. मास्तरांना वाटलं, दमली असेल.

वेल धरेना. खपल्या ओलसरच राहिल्या, कडा फिक्या पडल्या, शेंगेतल्या मधल्या दाण्याचा रंग खपलीबरोबर निघून आला आणि तिथे गुलाबी खळगा उरला. दुसऱ्या कुणाचा हात असता तर मास्तरांनी लांबूनच सांगितलं असतं, हा माणूस जेवत नाही. पण हात ताईचा होता, ताई सगळ्यांना जेवू घालणारी, आणि त्यामुळे ती शक्यता त्यांच्या डोक्याच्या दारापर्यंतही आली नाही. त्यांनी शाईला दोष दिला. हिरव्या रंगाच्या बाटल्या फेकून दिल्या आणि शाई पुरवणाऱ्याला फोनवर चार शब्द सुनावले, तो बिचारा शपथा घेत राहिला. मग साबणाला दोष दिला. मग भांड्यांना. रबरी हातमोजे आणले, दोन दिवसांनी तेही नकोत म्हणून भांडी स्वतः घासायला लागले. तळहातावरच्या फोडासारखं त्यांनी जपलं, पण जपलं ते वेलीला, ताईला नाही, हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं.

तिच्या हातातलं घड्याळ वेलीवर घासत होतं तेही त्यांनी हेरलं. पट्ट्याला नवं भोक पाडलेलं होतं, सुरीच्या टोकाने पाडलेलं, ओबडधोबड, आणि तरी घड्याळ सैलच होतं. मास्तरांनी ते भोक पाहिलं. एवढ्या जवळून पाहिलं की त्याच्या कडेचे चामड्याचे धागेही दिसले. आणि ते काय म्हणाले? घड्याळ उजव्या हातात घाल.

त्यात समोरच्या न्हाव्याने खोडी काढली. त्याची गाठ सकाळी दाराशी पडली तेव्हा तो हसत हसत म्हणाला की गावाचे टॅटू झळकतात आणि घरचाच कसा काय बिघडला. मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या रागात त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती. कातडी पुरती भरलेली नसताना त्यांनी त्या मधल्या दाण्यावर पुन्हा सुई फिरवली. ताईने हात मागे घेतला नाही. दुखतंय का, त्यांनी विचारलं, तर म्हणाली, तुझ्या मनासारखं होऊ दे. दोन दिवसांनी हात सुजला, आणि मास्तर तिच्यावरच चिडले. तू काळजी घेत नाहीस, म्हणाले. माझ्या हातात एवढी वर्षं कुणाचं काम बिघडलं नाही, तुझंच कसं बिघडतंय? ताईने मलम लावलेल्या हातावर स्वच्छ फडकं गुंडाळलं आणि आत जाऊन सूप ढवळायला लागली.

त्या दिवसांत एका ट्रकवाल्याच्या पाठीवर मोठं काम चालू होतं. सबंध पाठभर डोंगर, दरी आणि वळणं घेत गेलेला रस्ता. गडी मालवाहू ट्रक घेऊन लांब लांब जायचा, परतला की एक तुकडा काढून घ्यायचा, त्यामुळे महिनोन्महिने येत होता आणि घरचाच झाला होता. पाठ दुखायला लागली की पडदा सारून सरळ स्वयंपाकघरात जायचा, आणि ताई देईल ते खायचा. नकला करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. मास्तरांची नक्कल तर अशी करायचा, हनुवटी वर, एक डोळा बारीक, अंगठा पुढे, की मास्तर स्वतः फसावेत.

तो त्या दिवशी आत बसून सूप पीत होता. मास्तर बाहेर त्याच्या पाठीसाठी शाई काढून ठेवत होते. पडद्याआडून त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला, तसाच खर्जातला, तसाच दरडावणीचा.

"काय खाल्लंत, ताई? पोटभर म्हणायचं नाही. खरं सांगायचं."

मास्तरांना हसू आलं. आता ताई याला कशी उडवून लावते ते ऐकायला त्यांनी कान दिला. फक्त डाव भांड्याच्या कडेला ठेवल्याचा आवाज झाला. जरा वेळाने ट्रकवाला पडदा सारून बाहेर आला. त्याच्या तोंडावरची नक्कल कुठल्या कुठे गेली होती.

"मास्तर, आत या. मी नुसती गंमत केली हो. त्या रडतायत."

ताई लाकडी स्टुलावर बसली होती. एप्रन तोंडाला लावला होता आणि खांदे हलत होते. मास्तरांनी तिला रडताना यापूर्वी दोनदाच पाहिलं होतं, आई गेली तेव्हा आणि नवरा गेला तेव्हा. ते खाली बसले. काय झालं, काय झालं, एवढंच त्यांना म्हणता येत होतं.

"काही जात नाही रे," ती म्हणाली. "कधीपासून काही जात नाही. दोन घास गेले की इथेच अडतात. सूपसुद्धा वर येतं."

तिने छातीच्या खाली हात ठेवला. मास्तरांनी प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं, वेल सोडून. गालांची हाडं वर आलेली, मान लांब झालेली, एप्रनची नाडी कमरेला दोन वेढे देऊन बांधलेली. परक्या माणसाची कातडी बघून त्याचं ताट ओळखणारा माणूस. त्यांना स्वतःची शिसारी आली.

इस्पितळातली डॉक्टर तरुण होती आणि शांतपणे बोलत होती. तिने कागद पुढे ओढला आणि विचारलं, बाई रोज साधारण काय खातात? प्रश्न भावाला होता. मास्तरांनी तोंड उघडलं. सकाळी काय, दुपारी काय, यातलं काहीही त्यांना सांगता येईना. या बाईच्या हातचं ते जन्मभर जेवले होते, आणि ती स्वतः काय जेवते, तिला काय आवडतं, कशाने तिला त्रास होतो, त्यांना काडीचीही माहिती नव्हती.

"सगळं खाते," ते म्हणाले.

बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण आपल्या गिऱ्हाइकांसारखे बोललो. डॉक्टरने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, जसे ते बघायचे तसंच. मग ताईनेच सांगितलं, हळूहळू, थांबत थांबत. आधी पाव अडायला लागला, मग अंडी, मग शिजवलेली भाजी. वास आला तरी पोट ढवळायचं, आणि दिवसभर त्या वासातच उभं राहायचं. गिऱ्हाइकांची ताटं भरून देताना ती श्वास रोखून धरायची.

तपासण्या झाल्या. जठराच्या तोंडाशी गाठ होती आणि ती तिथेच थांबलेली नव्हती. शस्त्रक्रियेने काढण्यासारखी वेळ आता राहिली नाही, डॉक्टर म्हणाली. औषधांनी त्रास कमी करता येईल. मग तिने ताईचा डावा हात उचलून फडकं सोडवलं, अर्धवट हिरवी वेल पाहिली, आणि ही जखम भरत नव्हती तेव्हाच यायला हवं होतं, असं सहज म्हणाली. तिने कुणाला दोष दिला नव्हता, कारण मास्तर काय काम करतात ते तिला माहीत नव्हतं.

दुपारी वॉर्ड सामसूम झाला तेव्हा मास्तर ताईच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं, मला सांगितलं का नाहीस? विचारताना आवाजात थोडा राग होता. तो तिच्यावरचा नव्हता, पण दुसरीकडे कुठे काढावा ते त्यांना कळत नव्हतं.

"सांगायचंच होतं," ताई म्हणाली. "जीभ उचलायची नाही. आपण होऊन सांगितलं की ते खरं होणार, असं वाटायचं. म्हटलं, कुणी विचारलं तर सांगून टाकू."

मास्तर खाटेवरची चादर उगाचच सारखी करत राहिले.

"तू सगळ्यांना विचारतोस. दारुड्यांना विचारतोस, कोण कुठल्या पोरांना विचारतोस. रोज पडद्यामागून ऐकते मी. म्हटलं, त्या खुर्चीत बसलं की मलाही विचारशील." तिने फडक्यातल्या हाताकडे पाहिलं. "नाहीतर या वयात मला कशाला हवी होती वेल?"

मास्तरांच्या डोळ्यांसमोरून त्या सगळ्या सकाळी गेल्या. बाक, बाकावरची रांग, रांगेच्या शेवटी ताई. उत्तरं संपल्यावरही खुर्चीतून न उठणारी ताई. ती रोज सकाळी विचारून घ्यायला येत होती आणि ते तिला साबणाचं नाव विचारत होते. त्यांनी खाटेच्या कडेवर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखे हुंदके दिले. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तोंड फिरवलं. ताईने उजवा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"वेल छान होती हो," ती म्हणाली. "तुला वाटलं, मी बघितलीच नाही. बघितली होती."

ती घरी आली तेव्हा मास्तरांनी स्वयंपाकघर आणि दुकान यांच्यामधला पडदा काढून टाकला. तिची खाट अशी लावली की तिला बाहेरची खुर्ची दिसावी आणि खुर्चीपासून त्यांना ती दिसावी. स्वयंपाक आता ते करायचे. आधी हसं व्हायचं. अंडी फुटायची, भाजी करपायची, सुपात मीठ दोनदा पडायचं, आणि ताई खाटेवरून सूचना द्यायची, आच कमी कर, झाकण ठेव, धाकट्या, ते दूध आहे, शाई नाही. ट्रकवाला कुठकुठल्या गावांहून संत्री आणायचा आणि पाठीवरचा रस्ता अर्धाच राहिला असूनही कामाचं नाव काढायचा नाही. नकला त्याने सोडूनच दिल्या होत्या. दुसरी गिऱ्हाइकं खुर्चीत बसायची आणि प्रश्नाची वाट बघायची. मास्तर नुसतं उकडलेलं अंडं पुढे ठेवायचे आणि सुई बसवायला लागायचे.

विचारायचे ते फक्त ताईला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. किती वर्षांचं राहिलेलं एकदम विचारून घ्यायचं असल्यासारखं. तिला काय आवडतं तेही आता कळलं होतं. साखर न घातलेलं गरम दूध, वर किंचित जायफळ. एवढं साधं होतं ते. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

त्या दिवशी त्यांनी मटार उकडून, गाळून, पाण्यासारखं पातळ सूप केलं होतं. वाटी आणि चमचा खाटेशी ठेवून ते एका गिऱ्हाइकाला दारापर्यंत सोडायला गेले. दारात न्हावी भेटला. तोही आता खोडी काढत नसे, ताईची चौकशी करायचा. बोलण्यात वेळ गेला. परत आले तेव्हा वाटी रिकामी होती. खाटेखालच्या तसराळ्यावर घाईघाईने पुसायचं फडकं टाकलेलं होतं, आणि फडक्याच्या कडेला हिरवा ओघळ होता. ताई उशीला टेकून त्यांच्याकडे बघत होती. तिने ओठ पुसले होते.

मास्तरांनी ते सगळं पाहिलं. ते स्टुलावर बसले आणि तिचा डावा हात हातात घेतला. सूज उतरली होती. फूल राहिलं होतं, तंतू राहिला होता, शेंगेतला मधला दाणा गेला होता, आणि त्याच्यावर आता कुणी सुई फिरवणार नव्हतं.

"काय खाल्लंस, ताई?"

"पोटभर," ताई म्हणाली.

त्यांचा अंगठा सवयीने वेलीच्या कडेला गेला. हलकेच दाबला. कातडी दबली ती तशीच राहिली, वर आली नाही. आजवर हा शब्द बोलून त्यांच्या खुर्चीतून कुणी सुटलेलं नव्हतं. ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होती, त्या पहिल्या सकाळी बघत होती तशीच.

मास्तरांनी अंगठा उचलला आणि तिच्या दुसऱ्या खांद्यावर हात ठेवला.

"शाब्बास," ते म्हणाले.